दप्तरात लायटर सापडला

प्रश्न : दहावीतल्या मुलाच्या दप्तरात लायटर सापडला. त्याच्या वडिलांना कळलं तर ते हात उगारतील. काय करू?

उत्तर : आधी वडिलांशी बोला, मुलाच्या माघारी. मारायचं नाही, पण चालवूनही घ्यायचं नाही, यावर दोघांचं एकमत होऊ द्या. मार खाल्ला म्हणून सिगारेट सुटत नाही, मुलगा फक्त लांबची टपरी गाठतो. समोर बसवून जाब विचारला की मुलं तोंड मिटतात. स्कूटरवर मागे बसली की बोलतात. “लायटर सापडला. काळजी वाटली. कधीपासून?” एवढंच विचारा आणि गप्प राहा. हे गप्प राहणं फार अवघड जातं, पण खरं काय ते त्यानंतरच बाहेर येतं. माझ्याकडे येणारी कितीतरी मुलं सांगतात, “घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न मार्कांचा.” तो आठवडाभर विचारू नका.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. टेस्टआधी एक ओढली की डोकं शांत होतं. मग बिघडलं कुठे?

उत्तर : शांत वाटतं, हे खरं आहे. सिगारेटमधलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं. पण साधारण २ तासांत रक्तातलं निम्मं उतरतं आणि सवय लागलेल्या शरीराची चिडचिड, बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट ती बेचैनी शमवते आणि तुला वाटतं, टेस्टचा ताण गेला. धडा तेवढाच बाकी असतो गं! तलफ काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी पी, जिना उतरून ये, मैत्रिणीला फोन कर. सोडल्यावर पहिले २-३ दिवस जड जातील. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनावरच्या ताणासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही नंबर मोफत आहेत. आईला सांगता आलं तर फारच बरं.

प्रश्न : मी स्वतः ओढतो. मुलाला कुठल्या तोंडाने सांगू?

उत्तर : त्याच तोंडाने. “मला सुटत नाहीये, तू यात अडकू नकोस,” हे बापाने कबूल केलेलं मुलाला पटतं. त्याला पाकीट आणायला पाठवत असाल तर आजपासून बंद. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आणि कामावरून वैतागून आलात की तुम्ही न बोलता गॅलरीत जाता, ते तो रोज बघतो. एखाद्या दिवशी त्याला म्हणा, “आज साहेबांशी वाजलं, डोकं फिरलंय. चल, चालून येऊ.”