बायपॅप दुरुस्तीला, बदली मशीन भलतंच

प्रश्न : ताई, बाबा ७१ वर्षांचे आहेत, स्लीप ॲप्निया (झोपेत घसा मिटून श्वास अडकतो) आणि सोबत सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार), चार वर्षं बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लावूनच झोपतात, प्रेशर १६/८. मोटर आवाज करायला लागली म्हणून मशीन डीलरकडे दिलं तर पंधरा दिवस लागतील म्हणाला आणि तोवर एक सीपॅप दिलं, म्हणे सगळी सारखीच असतात. आता बाबा सकाळी डोकं दुखतंय म्हणतात, दिवसभर पेंगतात. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सारखी नसतात हो, अजिबात नसतात! तुम्हाला फोनवर सांगितलंच, पण असं इतर घरांतही होऊ शकतं म्हणून इथेही लिहितेय.

सीपॅप रात्रभर एकाच प्रेशरने हवा देतं, घसा मिटू नये एवढंच त्याचं काम. बायपॅप श्वास घेताना १६ देतं आणि सोडताना ८, आणि हा जो मधला फरक आहे ना त्याच्याच जोरावर बाबांचा श्वास खोल जातो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो फरक गेला की वायू रक्तात साठू शकतो, डोकेदुखी आणि पेंग त्यानेच असू शकते, म्हणून आजच छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते एबीजी, म्हणजे रक्तातल्या वायूंची तपासणी, करायला सांगतील. बाबा असंबद्ध बोलायला लागले किंवा हलवूनही नीट जागे होईनात तर वाट न बघता हॉस्पिटल. आणि घरात कॉन्सन्ट्रेटर (ऑक्सिजन देणारं मशीन) असेल तरी मनाने लावू नका, नुसत्या ऑक्सिजनने घसा उघडा राहत नाही आणि सीओपीडीत तो जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड अजून वाढू शकतो.

डीलरला प्रिस्क्रिप्शनचा फोटो व्हॉट्सॲप करा आणि बायपॅपच मागा, नसेल तर दुसरीकडून भाड्याने घ्या, डिपॉझिट जाईल पण ते परत मिळतं. मोड आणि दोन्ही प्रेशर टेक्निशियनकडून तुमच्यासमोर सेट करून घ्या, बॅकअप रेट (स्वतःचा श्वास मंदावला तर मशीनने मिनिटाला किमान किती श्वास द्यायचे तो आकडा) लिहिला असेल तर तोही. फिल्टर नवा हवा. मास्क मात्र बाबांचाच वापरा, बहुतेक नळ्यांचं तोंड २२ मिलिमीटरचं असतं त्यामुळे बसतो, गरम होणारी नळी मात्र कंपनी बदलली की कधीकधी बसत नाही.

आणि स्वतःचं मशीन परत आणताना तिथेच चालू करून १६/८ दिसतंय का बघा, दुरुस्तीत सेटिंग उडालेलं असू शकतं.