अमेरिकेतला फेडरल इन्कम टॅक्स घटनाबाह्य आहे, हे खरं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातला एक सहकारी ठासून सांगतो की फेडरल इन्कम टॅक्स घटनाबाह्य आहे, त्या कराला आधार देणारी सोळावी घटनादुरुस्ती नीट मंजूरच झाली नव्हती आणि पगार म्हणजे 'इन्कम' नव्हेच. तर डब्ल्यू-४ फॉर्मवर (पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा फॉर्म) 'एक्झेम्प्ट', म्हणजे करकपातीतून सूट, असा दावा करून पगारातून होणारी कपात थांबवावी का? नाही. कृपा करून तसं काही करू नका. मी न्यू जर्सीत लोकांची टॅक्स रिटर्न्स भरून देते, आणि असल्या सल्ल्यापायी चांगली शिकलेली, प्रामाणिक माणसं अडचणीत आलेली पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या सहकाऱ्याच्या बोलण्यात एक धागा खरा आहे. इथला इन्कम टॅक्स एकदा खरोखरच घटनाबाह्य ठरला होता.

१७८७ मध्ये घटना लिहिली गेली तेव्हा काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, कर बसवण्याचा अधिकार मिळाला, पण 'डायरेक्ट टॅक्स' बसवायचा तर तो राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचा, अशी अट पडली. ही अट गुलामगिरीवरच्या तडजोडीतून आलेली आहे. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलामांची तीन-पंचमांश मोजणी (पाच गुलाम म्हणजे तीन माणसं) धरून जास्त प्रतिनिधी मिळाले, आणि त्याच कलमात डायरेक्ट टॅक्सही त्याच मोजणीला बांधला गेला. पण कुठला कर डायरेक्ट आणि कुठला नाही? घटना बनवणाऱ्या सभेतले सदस्य जेम्स मॅडिसन यांच्या टिपणांत नोंद आहे की दुसरे सदस्य रूफस किंग यांनी त्या सभेतच हे विचारलं आणि कुणीही उत्तर दिलं नाही.

यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६१ मध्ये पहिला इन्कम टॅक्स कायदा झाला. तो कर १८७२ मध्ये संपला, आणि सुप्रीम कोर्टाने १८८१ च्या स्प्रिंगर खटल्यात तो वैध ठरवला. मग १८९४ मध्ये काँग्रेसने ४,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के कर बसवला. त्या काळात ४,००० डॉलर फार थोड्यांना मिळत, त्यामुळे श्रीमंतांमध्ये खळबळ उडाली. १८९५ मध्ये पोलॉक खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. भाड्यावर कर म्हणजे जमिनीवरच कर, लाभांशावर कर म्हणजे शेअरवरच कर. तो डायरेक्ट झाला, तेव्हा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलाच पाहिजे, असा तो तर्क.

असा कर वाटून बसवणं प्रत्यक्षात जमण्यासारखं नव्हतं. समजा दोन राज्यांची लोकसंख्या सारखी, पण एका राज्याची कमाई दुसऱ्याच्या दुप्पट. दोघांनी सारखीच रक्कम भरायची म्हटल्यावर गरीब राज्यातल्या माणसाला दुप्पट दराने कर बसणार. असा कायदा कोण करेल?

आता पोलॉक निकालातली जी गोष्ट तुमचा सहकारी सांगत नाही, ती नीट लक्षात घ्या. कोर्टाने पगारावरचा कर घटनाबाह्य ठरवलाच नव्हता. धंदा, व्यवसाय, नोकरी यांतून मिळणाऱ्या पैशांवरचे कर पूर्वी अबकारी स्वरूपाचे, म्हणजे डायरेक्ट नसलेले, मानून वैध धरले गेले आहेत, असं त्याच निकालात लिहिलंय. अख्खा कायदा रद्द झाला तो वेगळ्या कारणाने. भाडं, व्याज, लाभांश वगळले तर सगळा बोजा कष्ट करून कमावणाऱ्यांवर पडला असता, आणि काँग्रेसचा तसा हेतू असणं शक्य नाही, असं कोर्टाने म्हटलं. म्हणजे इन्कम टॅक्सच्या विरोधातला इतिहासातला सर्वांत मोठा निकालसुद्धा पगारदाराला सूट देत नाही. 'पगार इन्कम नाही' म्हणणाऱ्यांना मी आधी हाच निकाल वाचायला सांगते.

यावर उपाय म्हणून १९०९ मध्ये काँग्रेसने सोळावी दुरुस्ती राज्यांकडे पाठवली. तिचं म्हणणं सरळ आहे: उत्पन्न कुठल्याही स्रोतातून आलेलं असो, काँग्रेस त्यावर कर बसवू शकते, आणि तो राज्यांमध्ये वाटायची गरज नाही. ३ फेब्रुवारी १९१३ ला आवश्यक ३६ राज्यांची मंजुरी पूर्ण झाली आणि २५ तारखेला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी तशी घोषणा केली. त्याच वर्षी आलेल्या कायद्यात मूळ दर १ टक्का होता. १९१६ च्या ब्रशेबर खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो कर वैध ठरवला, आणि मूळ वाद तिथे मिटला.

'मंजुरीच खोटी' या दाव्याचे दोन प्रकार ऐकायला मिळतात. पहिला असा की काही राज्यांच्या ठरावांत स्वल्पविराम, मोठी-लहान अक्षरं, एखादा शब्द वेगळा होता. ते वेगळे होते हे खरं, पण ती बाब नॉक्स यांच्यासमोर १९१३ मध्येच आली होती आणि ती पाहूनच त्यांनी घोषणा केली. १९८० च्या दशकात हा मुद्दा पुन्हा कोर्टात गेला आणि फेटाळला गेला. दुसरा प्रकार ओहायोचा: ते म्हणे १९५३ पर्यंत राज्यच नव्हतं. १९५३ मध्ये काँग्रेसने एक ठराव करून १८०३ पासूनच्या राज्यत्वावर औपचारिक शिक्का मारला, एवढंच. आणि ओहायो बाजूला ठेवलं तरी ३६ चा आकडा भरतोच.

'मला मनापासून वाटलं कर लागू नाही' हे सांगून सुटता येत नाही का, असं मला बरेचजण विचारतात. कर चुकवल्याबद्दल जॉन चीक नावाच्या पायलटवर झालेला खटला १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला होता. कायदा समजून घेण्यात प्रामाणिक गैरसमज झाला असेल तर ते मुद्दाम केलेलं मानता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं खरं. पण जो कायदा घटनाबाह्य आहे असा युक्तिवाद करतो, त्याने कायदा वाचलाय आणि त्याला तो समजलाय; ती सबब चालणार नाही. फेरखटल्यात चीक दोषी ठरला. अभिनेता वेस्ली स्नाइप्स यांना रिटर्न न भरल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली, ती प्रसिद्धच आहे. तुरुंगापर्यंत गोष्ट गेली नाही तरी असले निराधार मुद्दे मांडून रिटर्न भरलं तर अशा प्रत्येक रिटर्नमागे ५,००० डॉलर दंड होऊ शकतो. आपल्यापैकी अनेकजण व्हिसावर असतात, पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा असतो, आणि त्या अर्जात कराबद्दल थेट विचारतात. सल्ला देणाऱ्या सहकाऱ्याला ती काळजी नसते.

खरा, जिवंत वाद आज वेगळा आहे: उत्पन्न हातात पडण्याआधी त्यावर कर लावता येतो का? १९२० च्या आयस्नर खटल्यात, कंपनीने भागधारकांना त्याच कंपनीचे जादा शेअर दिले तर ते उत्पन्न नाही, असं कोर्टाने धरलं होतं. २०२४ मध्ये मूर खटल्यात हाच प्रश्न पुन्हा आला, आणि त्याचा धागा थेट बंगळूरला जातो. वॉशिंग्टन राज्यातल्या एका दांपत्याने किसानक्राफ्ट या छोट्या शेतकऱ्यांसाठी अवजारं पुरवणाऱ्या बंगळूरच्या कंपनीत ४०,००० डॉलर गुंतवले होते. कंपनीने नफा पुन्हा धंद्यातच घातला, त्यांना पैसे दिले नाहीत. तरी २०१७ च्या कायद्याने त्यांना त्या नफ्यातल्या वाट्यावर सुमारे १५,००० डॉलर कर आला. सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी कर कायम ठेवला. कंपनीला झालेलं उत्पन्न भागधारकांच्या नावे धरता येतं, एवढंच न्यायमूर्ती कॅव्हना यांनी बहुमताच्या निकालात ठरवलं. फक्त किंमत वाढली, नफा कुणाच्याच हाती आला नाही, तर काय, हा प्रश्न त्यांनी मुद्दाम मोकळा ठेवला. अब्जाधीशांच्या संपत्तीवर कर लावण्याची चर्चा त्यावर अडलेली आहे. मला विचाराल तर न्यायमूर्ती थॉमस आणि गॉर्सच यांचं विरोधी मतही वाचण्याजोगं आहे. तिथे खरा कायद्याचा विचार आहे, ओहायोची गोष्ट नाही.

तुमचा डब्ल्यू-४: गेल्या वर्षी तुमच्यावर फेडरल इन्कम टॅक्सची देणेदारी शून्य होती आणि यंदाही शून्यच राहील अशी अपेक्षा असेल, तरच 'एक्झेम्प्ट' असल्याचा दावा करता येतो. पूर्ण पगारावरच्या माणसाला हे सहसा लागू होत नाही, आणि त्या फॉर्मवरची सही खोट्या साक्षीच्या शिक्षेला पात्र राहून केलेली असते. तसा फॉर्म आधीच दिला असेल तर याच आठवड्यात एचआरकडे नवा भरून द्या, आणि मधल्या काळात न कापलेला कर तिमाही हप्त्याने भरून टाका.