संवाद म्हणजे काय आणि नाटकात त्याचा उपयोग कशासाठी करतात?

व्याख्या कोणत्याही कोशात मिळेल, म्हणून ती देत नाही. उपयोगाबद्दल माझे मत ठाम आहे: पात्राला समोरच्याकडून काही हवे असते म्हणून ते बोलते, आणि केवळ प्रेक्षकाला माहिती पुरवण्यासाठी लिहिलेले वाक्य पहिल्याच तालमीत उघडे पडते.

अमळनेरच्या आमच्या हौशी मंडळींसाठी मी एक एकांकिका लिहिली होती. शेताच्या वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ बांधावर भेटतात. धाकटा हातातल्या कागदावरून विहिरीच्या पाण्याची पाळी, कपाशीचे पैसे, आईच्या दवाखान्याचा खर्च असा सगळा हिशेब तावातावाने वाचून दाखवतो. थोरला ऐकून घेतो आणि एवढेच विचारतो, "तू जेवना का?" (अहिराणीत, म्हणजे 'जेवलास का?') धाकट्याचा कागद धरलेला हात हळूहळू खाली येतो आणि पडदा पडतो. स्पर्धेच्या परीक्षकांनी शेरा दिला की थोरल्याने हिशेबाला उत्तरच दिलेले नाही, त्यामुळे संवाद तुटतो. त्यावर आमच्या दिग्दर्शकाने पुढच्या प्रयोगात थोरल्याच्या तोंडी खुलाशाची वाक्ये घातली, आणि ती संपेपर्यंत हात खाली यायला काही कारणच उरले नाही.

प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले म्हणजेच संवाद झाला, हा समज आपल्या परंपरेलाही धरून नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमी आपल्या जुळ्या भावाला, यमाला, संगासाठी विनवते आणि यम नकार देतो. राजा पुरूरवा सोडून गेलेल्या उर्वशी अप्सरेला परत ये म्हणतो आणि ती येत नाही. ती सूक्ते उभी आहेत ती या ओढाताणीवरच. संस्कृत नाट्यशास्त्रातल्या 'आकाशभाषिता'त तर दुसरे पात्र रंगमंचावर नसतेच; एकटा नट "काय म्हणता?" असे विचारून त्याचे न ऐकू आलेले बोलणे स्वतःच उच्चारतो, आणि 'भाण' हा एकपात्री नाट्यप्रकार याच युक्तीवर चालतो.

म्हणून लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी थांबून या माणसाला आत्ता काय हवे आहे ते पाहा, आणि काहीच नको असेल तर वाक्य काढून टाका. आकाशवाणीवरच्या श्रुतिकेत मात्र हा नियम सैल करावा लागतो, कारण तिथे बांध, विहीर, हातातला कागद, सारे बोलण्यातूनच दाखवायचे असते. दोन भाऊ प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत समोरासमोर उभे असताना तीच सवलत घेणे मला मान्य नाही, मग ती परीक्षकांनी सुचवलेली का असेना.