प्रयोगशाळेतील प्रश्न : ब्युरेटचे रीडिंग, शुद्ध पाणी आणि हळदीचा कागद

बारावीच्या रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकाला 30 गुण असतात. हे गुण पाठांतराने मिळतात, असा एक समज आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. ती वाचल्यावर चूक बहुतेक वेळा सूत्रात नसून हाताच्या सवयीत असते, हे लक्षात येईल.

प्रश्न : ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट यांच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) माझी तीन रीडिंग 9.8, 10.6 आणि 10.2 मि.ली. अशी आली. सी.बी.आर. (पुन्हापुन्हा सारखेच येणारे ब्युरेट रीडिंग) कधीच जुळत नाही. कुठे चुकत असेन? (विद्यार्थिनी, विटा)

सर्वांत आधी शंकुपात्र तपासावे. ब्युरेट (खुणा असलेली, खाली तोटी असलेली काचनळी) परमँगनेटच्या द्रावणाने आणि पिपेट (ठरावीक माप घेण्याची नळी) ऑक्झॅलिक आम्लाने खंगाळायचे असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच ओघात शंकुपात्रही आम्लाच्या द्रावणानेच खंगाळले जाते आणि घोटाळा तिथे होतो. 0.05 मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे 10 मि.ली. घेतले, तर 0.02 मोलर परमँगनेट नेमके 10 मि.ली. लागते. शंकुपात्राच्या तळाशी खंगाळण्याचे अर्धा मि.ली. आम्ल उरले असेल, तर रीडिंग थेट 10.5 वर जाते. शंकुपात्र केवळ शुद्ध पाण्याने धुवावे आणि ते ओले राहिले तरी हरकत नाही, कारण पाण्याने आम्ल विरल होत असले तरी त्याचे एकूण प्रमाण बदलत नाही. याच कारणाने, अनुमापन चालू असताना काचेला चिकटलेले थेंब पाण्याने आत धुऊन घेणेही चुकीचे नाही.

दुसरी जागा म्हणजे ब्युरेटचे टोक. तोटीखाली हवेचा बुडबुडा अडकलेला असेल आणि तो अनुमापनाच्या मध्येच निसटला, तर तेवढे द्रावण शंकुपात्रात न पडताच रीडिंगमध्ये मोजले जाते. भरताना लावलेले नरसाळे काढून ठेवावे. त्यातून मागाहून गळणारा एखादा थेंब सुमारे 0.05 मि.ली.चा असतो आणि असे दोन थेंब म्हणजे ब्युरेटवरील एक पूर्ण भाग झाला. परमँगनेट इतके गडद असते की मेनिस्कसचा (द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा) खालचा भाग दिसतच नाही. त्यामुळे येथे वरच्या कडेचे रीडिंग घ्यावे आणि ते सुरुवातीला व शेवटी सारख्याच पद्धतीने, डोळा पातळीच्या समोर ठेवून घ्यावे. पिपेट रिकामे करताना टोकाशी उरणारा थेंब फुंकून काढू नये, कारण तो वगळूनच पिपेटवरील खूण केलेली असते.

तापमानाचाही प्रश्न येतो. ऑक्झॅलिक आम्ल सुमारे 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते, कारण थंड द्रावणात ही अभिक्रिया फार सावकाश होते. पहिल्या एक-दोन थेंबांचा गुलाबी रंग जायला वेळ लागतो, म्हणून घाबरू नये. अभिक्रियेत तयार होणारा मँगनीज आयनच पुढे उत्प्रेरकाचे काम करतो आणि मग रंग झटपट जाऊ लागतो. तपकिरी गढूळपणा आला, तर विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडले असे समजावे किंवा परमँगनेट फार घाईने सोडले गेले असे समजावे. ऑक्झॅलिक आम्लाऐवजी मोर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेल, तर ते मात्र तापवू नये, कारण त्यातील फेरस आयनाचे हवेने ऑक्सिडीकरण होते.

शेवटी फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबावे. शंकुपात्राखाली पांढरी टाइल किंवा साधा कोरा कागद ठेवला, तर ही छटा अचूक ओळखता येते. गडद गुलाबी रंग दिसेपर्यंत सोडत राहण्याची सवय वर्गावर्गांत दिसते आणि माझ्या मते रीडिंग न जुळण्याचे ते शंकुपात्राखालोखालचे मोठे कारण आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत बोअरचे पाणी आहे. क्लोराइडच्या चाचणीत प्रत्येक सॉल्टला पांढरा अवक्षेप येतो. काय करावे? (शिक्षक, माण तालुका, सातारा)

पाण्यातच क्लोराइड असणार. खात्री करण्यासाठी सॉल्ट न घालता, केवळ त्या पाण्यात विरल नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकावेत. गढूळपणा आला तर दोष सॉल्टचा नाही. गॅरेजवर मिळणारे बॅटरीचे पाणी बहुधा चालते, परंतु प्रत्येक कॅन हीच चाचणी करून मगच वापरात घ्यावा. आर.ओ.च्या पाण्यात काही क्षार उरतातच, त्यामुळे त्यावर विसंबू नये. काचसामान आधी बोअरच्या पाण्याने धुवावे आणि शेवटचे खंगाळणे तेवढे शुद्ध पाण्याने करावे, म्हणजे खर्च आटोक्यात राहतो.

प्रश्न : आमच्याकडे बेदाण्यासाठी द्राक्षे बुडवायला पोटॅशियम कार्बोनेट आणतात. सरांच्या परवानगीने त्यावर सराव केला. ज्योत जांभळी न दिसता पिवळी दिसली आणि चुन्याच्या निवळीचा दुधी रंगही थोड्या वेळाने गेला. पावडर भेसळीची आहे का? (विद्यार्थी, तासगाव)

एवढ्यावरून भेसळ म्हणता येणार नाही. सोडियमचा पिवळा रंग इतका प्रखर असतो की त्याचा अंशही पोटॅशियमची फिकट जांभळी छटा झाकून टाकतो आणि तो अंश बोटांच्या घामातूनसुद्धा तारेवर येतो. तार संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत पुन्हापुन्हा तापवावी आणि नंतर ज्योत निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावी. ही काच पिवळा रंग शोषून घेते.

निवळीबाबत तुमचे निरीक्षण अचूक आहे. कार्बन डायऑक्साइड जास्त झाल्यावर अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेट होते आणि द्रावण पुन्हा स्वच्छ होते. तेच द्रावण उकळले, तर दुधीपणा परत येतो. हेही जरूर करून पाहावे. मात्र चाचणीसाठी कोरडी पावडरच घ्यावी. डिपिंग ऑइल मिसळलेले द्रावण परीक्षानळीत फेसाळते आणि निरीक्षणाचा विचका होतो.

प्रश्न : संहत आम्ल अंगावर उडाल्यास खायचा सोडा लावावा का? (पालक, कराड)

त्वचेवर लावू नये. आम्ल लागलेले कपडे लगेच काढून, वाहत्या पाण्याखाली ती जागा किमान 15 ते 20 मिनिटे धरावी आणि डॉक्टरांना दाखवावे. डोळ्यात गेल्यास हाच उपाय आणखी तातडीने करावा. सोडा टेबलावर सांडलेल्या आम्लासाठी ठेवावा.

प्रश्न : सांगलीची हळद अनुमापनात दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) म्हणून वापरता येईल का? (विद्यार्थी, सांगली)

भौगोलिक मानांकन असलेल्या या हळदीतील कुर्क्युमिन आम्लात पिवळे राहते आणि आम्लारीत तांबूस होते. हा बदल सामू (pH) 8 च्या आसपास होतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड यांच्या अनुमापनात शेवटच्या थेंब-दोन थेंबांत सामू एकदम उसळी घेतो, त्यामुळे तिथे हळद चालून जाते. व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल असेल, तर सामू हळूहळू चढतो, पिवळ्याचा तांबूस होत जाणारा रंग नेमका कधी पालटला हे डोळ्यांना ठरवता येत नाही आणि रीडिंग कमी येण्याचा धोका राहतो. फिनॉल्फथॅलिन या दर्शकाने रंगहीन द्रावण एकदम गुलाबी होणे हे पिवळ्याचे तांबूस होण्यापेक्षा केव्हाही स्पष्ट दिसते. म्हणून परीक्षेत तेच वापरावे.

दर्शकापेक्षा हळदीचा खरा उपयोग बोरेट ओळखण्यासाठी होतो. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून हळद स्पिरिटमध्ये भिजवून गाळावी आणि त्या अर्कात फिल्टर पेपरच्या पट्ट्या बुडवून वाळवाव्यात. बोरॅक्सच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्यात पट्टी भिजवली आणि वाळवली की ती तांबूस-तपकिरी होते. त्यावर अमोनियाचा थेंब टाकल्यास डाग काळपट हिरवा होतो. केवळ आम्लारीने लाल झालेली पट्टी असा रंग देत नाही, त्यामुळे दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहाव्यात. अर्क करताना जवळपास बर्नर पेटलेला नसावा.