आमच्याकडे फोंड्याला पावसाळ्यात प्रिंटर दोन-दोन पानं ओढतो आणि छपाईत पांढऱ्या रेघा येतात, काय करू?

तुम्ही फोंड्याला राहता म्हणताय, तर आधी कागद तपासा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतकी ओल असते की उघड्या रीमच्या कडा लाटेसारख्या वाकतात आणि पानं एकमेकांना चिकटतात. ट्रेमध्ये दिवसाला लागतील तेवढीच पानं ठेवा, बाकीची घट्ट झाकणाच्या डब्यात. माझी निम्मी कटकट एवढ्यानेच गेली.

मग कागद ओढणारा रोलर. प्रिंटरची विजेची वायर काढा, धागे न सुटणारं फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि रबरी रोलर हाताने फिरवत पुसा. फडक्यावर राखाडी भुकटी येईल, तीच पकड घालवते. पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

रेघा म्हणजे इंकजेटच्या (पातळ शाईच्या प्रिंटरच्या) हेडमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागात, शाई सुकली. प्रिंटरच्या मेनूतलं हेड क्लीनिंग दोन-तीनदाच करा, फरक नाही पडला तर रात्रभर थांबून पुन्हा. दर वेळी बरीच शाई जाते हो! पुढे आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा.

लेझर प्रिंटर असेल आणि टोनर (शाईची पूड) सांडला, तर घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका, पूड घरभर उडते. कपड्यावर पडली तर झटकून थंड पाणी, गरम कधीच नाही.