गावात थंड, मोटरवेवर गरम? आधी गाडीखाली आडवे व्हा

"गावात अर्धा तास अडकलो तरी तापमानाचा काटा मधोमध, पण मोटरवेवर ताशी सत्तर मैलांनी वीस मिनिटं गेलो की वर सरकतो. गॅरेजवाला म्हणतो रेडिएटर बदला." तुमचं हे वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच आठवलो. गाडीही तीच, माझदाची दोन सीटची एमएक्स-५. तुमची १९९५ ची, माझी १९९१ ची १.६.

कूलंटची पातळी, होज, गळती हे तुम्ही पाहिलंच असणार, ते सोडतो. आणि मी मेकॅनिक नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस आहे, तेव्हा पुढचं सगळं स्वतःच्या जबाबदारीवर.

ट्रॅफिकमध्ये गाडी तापली तर पंखा बघायचा. वेगात तापली तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही, तेवढा वारा तसाही समोरून येतोच. मग एकतर रेडिएटर आतून चोंदलाय, किंवा पाणी नीट फिरत नाहीये, किंवा वारा रेडिएटरमधून जातच नाहीये. हे तिसरं कारण माझ्या गॅरेजला आठ महिन्यांत सुचलं नाही. मलाही नाही, ते वेगळं.

झालं असं की टायमिंग बेल्ट बदलायला गाडी दिली. या इंजिनात वॉटर पंप बाहेरच्या वेगळ्या बेल्टवर फिरतो, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून पंपही बदलून घेतला. (तुमचा बेल्ट निघणार असेल तर पंप सोबतच करा, मजुरी एकदाच पडते.) दोन आठवड्यांनी मोटरवेवर काटा हलला. परत नेली, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलला. परत तेच. मग रेडिएटर. त्यानंतर काउंटरवरचा मुलगा पावती फाडता फाडता म्हणाला, "जुन्या गाड्या अशाच असतात." पावतीवर मात्र दर वेळी 'दोष दूर केला' असंच लिहिलेलं. त्या सगळ्या पावत्या अजून फाइलला आहेत.

मग माझी घोडचूक. एका रविवारी काटा चढला तेव्हा घर वीस मैलांवर होतं. म्हटलं, हळूहळू जाऊ. या गाडीचा काटा मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही, तापमान बरंच वाढलं तरी तो मख्खासारखा मधेच बसून राहतो. म्हणजे तो हललेला दिसतो तेव्हा इंजिन केव्हाच तापलेलं असतं. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यावर बसणारं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेडच आधी वाकतं. दोघांमधलं गॅस्केट गेलं, हेड घासून सपाट करावं लागलं, सगळे मिळून चौदाशे पौंड गेले. काटा हलला की कडेला घ्या, बंद करा. जागा मिळेपर्यंत हीटर फुल गरमवर ठेवा, तोही छोटा रेडिएटरच असतो. बाबांची पद्मिनी मे महिन्यात खंबाटकीचा घाट याच युक्तीवर चढायची, आम्ही मागे घामाने निथळत. आणि गरम असताना रेडिएटरचं टोपण उघडू नका, ओलं फडकं टाकूनही नाही.

खरं कारण दुसऱ्याच एका एमएक्स-५ वाल्या म्हाताऱ्याने सांगितलं. पबच्या पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसला, खाली डोकावला आणि म्हणाला, "तुझा ट्रे कुठाय?" पुढच्या बंपरपासून इंजिनाखाली जाणारा काळा प्लॅस्टिकचा पत्रा असतो, १० च्या पान्याने निघणाऱ्या बोल्टांवर बसवलेला. पंपाच्या वेळी कूलंट काढायला तो उतरवला आणि परत लावलाच नाही. तो नसला की समोरच्या तोंडातून आलेला वारा रेडिएटरमधून जाण्याऐवजी खालून पळ काढतो, शिवाय बोनेटखाली हवा तुंबते. जितका वेग, तितकं वाईट. जुन्या गाडीवरचा ट्रे पस्तीस पौंडांना मिळाला. गॅरेजला फोन केला तर म्हणे, "तो कॉस्मेटिक पार्ट आहे." कॉस्मेटिक! यावर मी अजूनही बोलू शकतो, पण असो.

ट्रे जागेवर असेल तर मात्र रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग बघा. नवीन असताना ती काळी असते. मेंदीसारखी हिरवट-तपकिरी झाली असेल तर तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे, तिचा भरवसा धरू नका. काळीच असेल तर माझ्या मते पैसे टाकण्याआधी ब्लॉक टेस्ट करून घ्या. त्यात रेडिएटरच्या तोंडावरची हवा एका निळ्या द्रवातून ओढतात: ते द्रव पिवळं पडलं तर सिलिंडरचा वायू कूलंटमध्ये येतोय, मग रेडिएटर बदलून उपयोग नाही. भारी अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर सुचवणारे इथे भेटतील. रेस ट्रॅकवर जात नसाल तर मला ती हौस वाटते, कुणाला राग आला तर येवो.

कूलंट भरताना गाडीचं तोंड उंच ठेवा, हीटर गरमवर. एकूण सहा लिटरच्या आसपास बसतं. चार लिटरलाच भरल्यासारखं वाटलं तर हवा अडकलीय.

उद्या उजेडात खाली बघा आणि फोटो टाका. बोल्टांची रिकामी भोकं दिसली तर जुना ट्रे कुठे मिळेल ते सांगतो.