मासिकातल्या एका फोटोमागे किती फ्रेम?

मित्राच्या साखरपुड्यात ४०० फोटो काढले, त्यातले १२च मनासारखे आले, मग मासिकवाले छापून येणाऱ्या एका फोटोसाठी किती काढतात, असं तुम्ही विचारलंय. ४०० मधून १२ हे प्रमाण चांगलं आहे, मनाला लावून घेऊ नका.

मी मासिकांसाठी काम करतो. एका लेखासाठी ६००-७०० फ्रेम होतात, छापले जातात पाच-सहा. म्हणजे साधारण शंभराला एक. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने १९५५ पासून अमेरिकाभर फिरून जवळपास २७,००० फ्रेम घेतल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवले ८३ फोटो. सव्वातीनशेला एक, तेही फिल्मच्या काळात! उलट फोटोग्राफर फिलिप हाल्समनने १९४८ मध्ये काढलेला चित्रकार साल्वादोर दालीचा फोटो बघा. उडी मारणारा दाली, हवेत फेकलेली तीन मांजरं, बादलीतलं पाणी. पंचवीसहून जास्त प्रयत्न आणि तासन्‌तास मेहनत, कारण दर वेळी मांजरं पकडा, फरशी पुसा, पुन्हा सगळं मांडा.

समोरची गोष्ट पुन्हा घडणार आहे का, यावर आकडा ठरतो. मागे एका कुंभारकाकांकडे गेलो होतो. चाकावरचं मडकं दोऱ्याने कापून ते दोन्ही हातांनी उचलतात, तो क्षण हवा होता. पहिल्या मडक्याला कोपर दाराच्या उजेडात आलं. दुसऱ्याला दोराच दिसेना. मी गुडघ्यावर बसलो, मग पार भिंतीला टेकलो. एकोणिसाव्या मडक्याला ओल्या मातीवर उजेडाची बारीक रेघ आली. तोवर १४० फ्रेम झाल्या होत्या.

त्यातही तोच क्षण आडवा घ्यायचा, उभा घ्यायचा, वर मथळ्याला जागा सोडायची. दोन पानांवर पसरणार असेल तर चेहरा मधोमध नको, घडीत जातो. हे बाहेरून दिसत नाही, पण बऱ्याच फ्रेम यातच जातात. काकांचा उभा फोटो छापून आला. मला आडवा आवडला होता, आजही आवडतो.

तुमचे ४०० पुसले नसतील तर काढले त्या क्रमाने लावा आणि प्रत्येक चांगल्या फोटोच्या आधीचे पाच-सहा नीट बघा. तिथे तुम्ही सरकलात, वाकलात, वाट बघितलीत, की एकाच जागी उभं राहून बटण दाबत होतात, ते लगेच कळेल.